माळवदावर रावणाच्या मिशा

मनमाडला गाडी बदलून निजामाच्या रेल्वेत बसलं की पुढे कुठेतरी करोडगिरीचे लोक डब्यात चढत. करोडगिरी म्हणजे संस्थानाची जकात. बाहेरून येणाऱ्यांच्या ट्रंका, गाठोडी ते उघडून बघायचे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी राहून मी सासरी परतत होते, तेव्हा माझ्या पायाशी रॉकेलचा एक रिकामा डबा होता आणि त्याच्या तोंडावर ओलं फडकं बांधलेलं होतं. करोडगिरीवाल्याने फडकं सोडलं, आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला होता.

"ये क्या है?" त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं.

"घास है, साहब," नवरा म्हणाला. मला आणायला तो एवढ्या लांब आला होता आणि कोकणातून मुंबईला येणाऱ्या बोटीत जीव आंबून गेल्यामुळे अजून त्याचा चेहरा उतरलेलाच होता.

"घास? हैदराबाद में घास नहीं उगती क्या?"

डब्यातले लोक हसले. नवरा खाली मान घालून म्हणाला, "उगती है साहब, बहुत उगती है." त्या माणसाने डब्यातली वाळू काठीने ढोसून पाहिली, सोनं वगैरे लपवलेलं नाही अशी खात्री करून घेतली आणि बोट चोखत पुढे गेला.

ही पस्तीस-छत्तीस सालच्या आसपासची गोष्ट असेल. माझे वडील कोकणातले, समुद्राकाठच्या गावचे. मुंबईत गिरणीत काम शिकून ते कापूस दाबायच्या कारखान्यात फिटर झाले आणि दसऱ्यापासून होळीपर्यंतच्या हंगामाला दरसाल हिंगोलीला येत. तिथे कापसाच्या गाड्या घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्याशी त्यांची दोस्ती जमली. तेच पुढे माझे सासरे झाले. "इतक्या लांबची सोयरीक?" म्हणून दोन्हीकडचे नातेवाईक कुरकुरले, पण दोघेही हट्टी. वसमतला रेल्वेतून उतरायचं आणि तिथून बैलगाडीने सासरच्या गावी. हट्ट्याचा बाजार आम्हाला चालत जाण्याजोगा.

डब्यात होतं ते गवत आमच्या माहेरच्या पुळणीवर, अगदी लाटांच्या वरच्या अंगाला उगवतं. निळसर राखाडी रंगाची ताठ, टोकदार पानं, आणि वाळूवरून लांबच लांब सरपटत जाणारे धांडे. धांड्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. त्याला फळं येतात ती नारळाएवढे काट्यांचे चेंडू. वाळले की तुटतात आणि वाऱ्यावर पुळणीभर धावत सुटतात. आम्ही पोरं त्यांच्या मागे पळायचो. आमच्याकडे लोक त्याला रावणाच्या मिशा म्हणत. कुणी ते लावत नाही, गुरं खात नाहीत, औषधाला घेतात असंही मी ऐकलं नाही. निघायच्या दिवशी मी धांड्याचा हातभर तुकडा मुळांसकट उपटला, तेव्हा आई म्हणाली, "अगो, नेतात ते कोकम नेतात, फणसाचं पीठ नेतात. तू गवत नेतेस?"

मी काय सांगणार? सासरच्या माणसांत मला काही दुःख नव्हतं. पण तिथे गोषा होता, म्हणजे बायकांनी परक्या पुरुषांच्या नजरेस पडायचं नाही. माझं पहिलं वर्ष चौकात आणि स्वयंपाकघरात गेलं होतं. घर माळवदाचं होतं, म्हणजे सागवानी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर. भिंती हात-दोन हात जाड, खिडक्या नाहीतच, उजेडासाठी माळवदाला एक झरोका. दुपारी बाराच्या सुमाराला त्यातून उन्हाची एक पट्टी जात्याजवळ उतरायची आणि दळण संपेस्तोवर भिंतीवर चढून निघून जायची. मला माहेरचं काहीतरी उघड्यावरचं जवळ हवं होतं, बस इतकंच.

घरी पोचल्यावर मी डबा चौकात ठेवला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी वाकून पाहिलं, जाऊबाईंनी पाहिलं, आणि तेवढ्यात सासरे, आमचे मामंजी, बैठकीतून आत आले. मी पदर ओढून दाराआड झाले. त्यांच्याशी समोरून बोलायची रीत नव्हती. त्यांना काही सांगायचं तर आत्याबाईंच्या तोंडून.

"हे काय आणलं सूनबाईनं?"

"गवत हाय म्हंती. समिंदराचं," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी डब्यावर वाकले. आमची जमीन काळी, भारी. तिच्यात ज्वारी, कापूस, तूर पिकायची, पण तिच्यात हरळी आणि कुंदाही तसाच पिकायचा. मामंजींचं सगळं आयुष्य गवताशी भांडण्यात गेलं होतं. उन्हाळ्यात खोल नांगरून हरळीच्या काश्या, म्हणजे मुळ्या, वेचायच्या, ढीग करून जाळायच्या, आणि पावसाळ्यात पुन्हा तीच हरळी. बांधावर गवताची काडी दिसली तरी ते वाकून उपटत. पाहुण्यांशी बोलता बोलता उपटत.

"आमी गवत मारून मारून म्हातारे झालो," ते म्हणाले, "आन् आमची सून गवत घिऊन आली. रेल्वेत बसवून! तिला म्हणावं, चौकाच्या बाहीर याची एक काडी बी जाता कामा न्हाई. वावरात गेलं तर मी डब्यासकट जाळीन."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. मामंजी गेल्यावर त्या माझ्याकडे बघून हसल्या. "जाळत न्हाईत. नुस्तं बोलतेत."

मी गवत चौकात निंबाखाली लावलं. तिथे ओल असायची, माती काळी आणि मऊ. माहेरी ज्या गवताला कुणी पाण्याचा थेंब घातला नाही ते इथे सकाळ-संध्याकाळ पाणी प्यायला लागलं. आठ-पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी झाली. मुळं उकरून पाहिली तर काळी पडून कुजत होती. जाऊबाई म्हणाल्या, "समिंदर खारट आस्तो ना? मंग मीठ घाल की." मी मूठभर मीठ पाण्यात विरघळवून घातलं. दुसऱ्या आठवड्यात धांड्याची निम्मी पेरं मेली.

उरलेलं मी पुन्हा रॉकेलच्या डब्यात, माहेरच्या वाळूत घातलं आणि डबा निंबाखालीच ठेवला. आता कुजणं थांबलं, पण गवत भलतंच वागायला लागलं. नवी पानं आली ती लांबोडकी, पातळ, फिकट हिरवी. हात लावला तर टोचेनात. माहेरच्या गवताचं पान असं असूच शकत नाही. मी डबा झरोक्याखाली नेऊन ठेवला. तिथे दुपारी जी उन्हाची पट्टी यायची, तिच्याकडे सगळी पानं मान वळवून उभी राहिली, आणि पट्टी सरकली की तशीच वाकडी राहिली. मग पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीला ठेवला. तिथे सकाळचं ऊन येई, दुपारनंतर सावली. तिथे ते मेलं नाही, पण वाढलंही नाही. थंडी सुरू झाली तेव्हा डब्यात एकच जिवंत पेर उरलं होतं आणि त्याला दोन पानं.

"सोड की आता त्याचा नाद," नवरा म्हणाला. "पुढच्या बारीला दुसरं आणू."

"पुढच्या वेळी आणून तरी काय करू? इथे ते का मरतंय तेच मला कळत नाही."

ते मला कळलं ते भलत्याच वाटेने. एके संध्याकाळी बैठकीत मामंजी आणि त्यांचे शेतशेजारी बोलत बसले होते. हे शेजारी मुसलमान होते, पिढ्यान् पिढ्या त्यांची जमीन आमच्या बांधाला लागून. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. चाचांच्या एका तुकड्यात हरळी माजली होती आणि ते टेकीला आले होते. मी मधल्या दाराआड चहाची भांडी गोळा करत होते.

"खोदू नका," मामंजी सांगत होते. "हरळी खोदून खोदून माणूस मरतं, हरळी मरत न्हाई. तिचं ऊन तोडा. अंबाडी पेरा, न्हाईतर ताग पेरा, चांगला दाट. वरून सावली धरली की खाली ती पिवळी पडती. मंग लांबडी व्हती, पातळ व्हती, उजेड हुडकत फिरती. आन् उजेड न्हाई सापडला की दम सोडती. पाणी कमी पडलं तरी गवत जगतं, खत न्हाई दिलं तरी जगतं. ऊन तोडलं की संपलं."

"बराबर हाय," चाचा म्हणाले. "पन अंबाडीखाली अर्धं ऊन तर लागतंच की."

"अर्ध्या उन्हावर ते मरत न्हाई आन् वाढत बी न्हाई. तसंच बसून राहतं. म्हून तर दाट पेरा म्हंतो."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. पिवळी पडती, लांबडी होती, पातळ होती, उजेड हुडकत फिरती. माझ्या डब्यातल्या गवताचं ते वर्णन होतं, अक्षर न् अक्षर. पूर्वेच्या भिंतीजवळ त्याचं जे झालं तेही त्यात होतं. मामंजी गवत मारायची रीत सांगत होते. मी ती उलटी करून घेतली. आमच्या पुळणीवर झाड नाही, भिंत नाही. उगवल्यापासून मावळेपर्यंत ऊन, आणि खालून वाळूही चमकते ती वेगळीच. त्या गवताला चौकातल्या कुठल्याही कोपऱ्यात ठेवलं तरी ते माझ्या सासऱ्यांच्या अंबाडीखालीच होतं.

दिवसभर ऊन पडेल अशी आमच्या घरात एकच जागा होती. माळवद. आणि माळवदावर सुनांनी दिवसा जायचं नाही, कारण समोरच चावडी आणि पार, आणि तिथे सदा माणसं बसलेली.

मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या तेव्हा लसूण सोलत होत्या. ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आन् ह्याला फळ येतं म्हंतीस, ते खरंच आपसूक पळतं?"

"पळतं. वारा असेल तर माणसाला सापडत नाही."

"मला बघायचं हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "गाडी जुंप. पूर्णेची वाळू आण."

"वाळू? कशाला?"

"लाह्या भाजायला."

"गाडीभर?"

"गाडीभर."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी डाळ निवडत होते. गाडी गावातून आली तेव्हा पारावरच्या एकाने विचारलंच, की एवढ्या वाळूत साऱ्या तालुक्याच्या लाह्या भाजायच्या आहेत की काय. पण एकदा मनावर घेतल्यावर नवऱ्याने काम नीट केलं. गोठ्यात जनावरांना आंबोण घालायची एक जुनी लाकडी डोण पडली होती, तळाला चिरलेली. ती त्याने वर चढवली, मधोमध नाही तर भिंतीच्या माथ्यावर, म्हणजे भार तुळयांवर येणार नाही. चिरेतून जादा पाणी निथळून जायला वाट होतीच. पाट्या पाट्यांनी वाळू वर नेली. मी अंधार पडायच्या बेताला वर गेले आणि ते एक पेर वाळूत निजवलं.

आता पंचाईत अशी की मला ते उजेडात दिसेना. मी जायची ती दिवेलागणीला पाणी घालायला. दिवसाचं नवऱ्याला विचारायचं.

"कसं आहे?"

"हिरवं हाय."

"कसलं हिरवं? पोपटी, की निळसर?"

"हिरवं म्हंजी हिरवं. गवतावानी."

त्यावर किती ऊन पडतं, ते विचारलं तर म्हणे, "पडतं की. माळवदावर ऊन पडत न्हाई व्हय?" पण मला शंका होती. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो आणि चौकातलं निंबाचं झाड डोणीच्या दक्षिणेलाच होतं. निंबाची सावली दुपारी कुठवर पोचते ते कुणीतरी तिथे बसून पाहायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच असायला हवी होते.

त्या दिवसांत लाल मिरच्या घरात आल्या. दरसाल त्या माळवदावर वाळत पडायच्या आणि राखणीला गड्याची म्हातारी आई वर बसायची. आत्याबाईंनी मामंजींना जेवताना सांगितलं, "औंदा वानरं लई झालीत. म्हातारीला आवरत न्हाईत. सुना बसतील वर."

"दिवसा?" मामंजींचा घास हातात राहिला.

"मिरच्या का रातच्या वाळतेत?"

"आन् चावडीवरची माणसं?"

"म्या बी बसंन त्यांच्यासंगं. मी म्हातारी हाय, मला कोन बघून राहिलं?" आत्याबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "आन् चावडीकडच्या अंगाला बाजेवर गोधड्या वाळत घालते. झाला आडोसा."

मामंजी पुन्हा जेवायला लागले. न बोलणं म्हणजे हो, हे मला तोवर कळायला लागलं होतं.

त्या दिवशी सकाळी मी उजेडात माळवदावर पाय ठेवला. डोळे दिपून गेले. जाऊबाई माझ्याही आधी लग्न होऊन आलेल्या, त्यांनी तर इतक्या वर्षांत इथून दिवसाची शेतं पाहिलीच नव्हती. त्या गोधडीआडून बघत म्हणाल्या, "ती आपली विहीर! अगं, ती इतकी जवळ हाय?" आणि मग किती तरी वेळ तेच. तो आपला गोठा, तो महादेवाचा कळस, ती हट्ट्याची वाट. आत्याबाई मिरच्या पसरत होत्या आणि आम्हाला हसत होत्या.

मी डोणीजवळ बसले. माझी शंका खरी निघाली. निंबाची सावली दुपारी सरकत आली आणि डोणीचा निम्मा भाग तिने गिळला. मी खडूने तिची कड आखली. तिघींनी मिळून ओल्या वाळूसकट डोण ओढली, ती भिंतीच्या माथ्यावरूनच थेट ईशान्येच्या कोपऱ्यात नेली. माझ्या नखांत वाळू गेली, जाऊबाईंची बांगडी फुटली, आत्याबाई धापा टाकत होत्या आणि सारख्या म्हणत होत्या, "हाळू, हाळू, खाली तेंची बैठक हाय."

त्या कोपऱ्यात सावली यायची ती फक्त आमचीच.

पंधरवड्यात नवं पान आलं. आखूड, ताठ. त्याच्यावर राखेची फूक मारल्यासारखा निळसर रंग. मी बोट लावलं आणि ते टोचलं. मी बोट तोंडात धरून हसायला लागले. जाऊबाईंना वाटलं विंचू चावला.

मिरच्या वाळल्या, पुढे उन्हाळ्यात कुरडया आल्या, सांडगे आले, चिंच फोडायला आली. आम्हाला वर जायला कारण मिळतच राहिलं. त्या भर उन्हात गावातली हरळीसुद्धा करपून गेली, पण माझं गवत डोणीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चाललं होतं. पाणी मी दिवसाआड घालायचे, तेही बेताचं. सावलीत होतं तेव्हा त्याने माझा सगळा जीव खाल्ला होता. उन्हात आल्यावर त्याला माझी फारशी गरजच उरली नाही.

मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकून चोपून घ्यावी लागते, म्हणजे घर गळत नाही. ते काम मामंजी स्वतः उभं राहून करून घेत. त्या वर्षी आम्ही डोणीवर पोती टाकून निभावलं. पुढच्या वर्षी मात्र झाकायची सोय राहिली नाही. धांडे डोणीबाहेर येऊन पांढऱ्या मातीवर पसरले होते, आणि मधोमध एका दांड्यावर मुठीएवढा काटेरी गोळा धरला होता. मामंजी गड्याच्या मागून वर आले ते थेट त्याच्यासमोर.

मी कुरडया गोळा करत होते. पळायला जागा नव्हती. पदर पुढे ओढून उभी राहिले.

"हे कुठून आलं?" त्यांनी आत्याबाईंना विचारलं.

"तेच की. सूनबाईचं."

"ते तर मेलं व्हतं!"

"मेलं न्हवतं. मराया टेकलं व्हतं."

मामंजींनी वाकून एक पान धरलं, सवयीने उपटायला म्हणूनच धरलं असेल, आणि हात मागे घेतला. "असं टरारून आलंय की! कुंदा बी असा येत न्हाई. काय घातलं ह्याला? कुनी सांगितलं?"

मग मला काय झालं कोण जाणे, मीच बोलले. त्यांच्याशी समोरून बोललेला तो माझा पहिला शब्द.

"तुम्हीच सांगितलंत, मामंजी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"चाचांना सांगत होतात. ऊन तोडलं की गवत मरतं, अर्ध्या उन्हावर वाढत नाही. मी दारामागे होते. तुम्ही मारायला सांगितलंत, मी त्याच्या उलट केलं. दिवसभर ऊन दिलं."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, मग गवताकडे, मग वर आभाळाकडे, जणू ऊन कुठून येतं ते तपासत होते. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "म्हंजी जल्मभर मी जे गवत मारलं," ते म्हणाले, "त्याची विद्या हिनं गवत जगवायला लावली?"

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या.

"बेस. पन ह्याचं बी धरतंय." आता ते मलाच सांगत होते, सरळ. "बी खाली वावरात गेलं तर खैर न्हाई. एक दाणा बी हितून खाली उतरता कामा न्हाई. उतरला तर सगळं उपटीन. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

पाऊस गेला, थंडी गेली. गोळा फुगत फुगत नारळाएवढा झाला आणि होळीच्या सुमाराला वाळून पिवळा पडला. मी त्याला सुतळीने डोणीला बांधून ठेवलं होतं. पण चैत्रातल्या एका दुपारी अशी वावटळ उठली की वाळत घातलेली गोधडीच उडून डोणीवर आली, तिच्यात सुतळी अडकली, आणि गोधडीबरोबर गोळा उपटला गेला. आम्ही तिघी बघत राहिलो. तो माळवदावर पडला, काट्यांच्या पायांवर उभा राहिला, टुणकन उडाला आणि धावत सुटला. आत्याबाई ओरडल्या, "आगं बाई! पळतंय! खरंच पळतंय!" तो कडेला गेला, क्षणभर अडखळला, आणि गल्लीत उतरला.

मी कडेला धावले. गोषा, चावडी, पार, मला कशाची शुद्ध राहिली नाही. खाली गल्लीतून तो घरंगळत, उड्या मारत चावडीकडे निघाला होता. कुत्री भुंकत बाजूला होत होती. एक शेळी दाव्याला हिसडा देऊन पळाली. पारावरची माणसं उभी राहिली. "काय हाय ते?" "साळिंदर हाय का?" "धरा!" पण धरायला गेला तो हात झटकत मागे आला.

आणि मग बैठकीतून मामंजी बाहेर पडले. त्यांनी गोळा पाहिला, धोतराचा सोगा एका हाताने वर धरला आणि ते पळाले. गावाने त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. ते जवळ गेले की वारा त्याला दोन हात पुढे न्यायचा. समोरून चाचा येत होते. मामंजी ओरडले, "चाचा, अडवा! वावराकडं जाऊ देऊ नगा!" चाचांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्यावर फेकलं, दोघांनी दोन्ही बाजूंनी दाबलं, आणि दोघेही एकदमच "आयाया" करत हात चोळायला लागले. पारावर हसण्याचा जो गदारोळ झाला तो माळवदावर आम्हाला ऐकू आला. मामंजीही हसत होते. मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

ते गोळा उपरण्यात घेऊन वर आले. कबूल केलेलं मोडलं होतं. मामंजी मातीवर बसले आणि एकेक काटा मोडून त्याच्या बुडाशी दाणा शोधायला लागले. तळहातावर चोळायचे, फुंकर मारायचे, बघायचे. पेरणीआधी बियाणं तपासावं तसं. बराच वेळ गेला. त्यांनी जवळजवळ अर्धा गोळा सोलला.

"पोचट," ते म्हणाले. "सगळंच पोचट. एक बी दाणा भरला न्हाई."

मला तेव्हा आठवलं, आमच्या पुळणीवर दोन तऱ्हेचं गवत असतं. काहींवर असे गोळे येतात आणि काहींवर नुसतीच कणसं. दोन्ही जवळजवळ असतात, वाऱ्यावर परागाची धूळ उडते. माझ्या डोणीत एकाच तऱ्हेचं गवत होतं. मी ते जसं सुचेल तसं सांगितलं. मामंजींनी मान डोलावली. "पपईवानी. नर येगळा, मादी येगळी." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग वावराला धोका न्हाई."

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "मंग आता एकदा नीट पळवून दाखवा. मघा मला निम्मंच दिसलं."

अर्धा सोललेला गोळा काही पळेना. पण मागे दुसरे दोन धरत होते. ते वाळले त्या दिवशी चांगला वारा पाहून आम्ही कडेला गोधड्या, पोती लावून घेतली आणि मामंजींनी स्वतःच्या हाताने, फडक्यात धरून, गोळा सोडला. तो माळवदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. आत्याबाई त्याच्यामागे धावल्या. पांढरे केस सुटलेले, नऊवारीचा काष्टा आवळून धरलेला, आणि तोंडाने, "आला, आला, आला!" जाऊबाई त्यांच्यामागे, मी जाऊबाईंच्या मागे. मामंजी कोपऱ्यात उभे राहून वारा कुठून येतोय ते हात वर करून सांगत होते.

पुढे त्यांना त्या गवताचा इतका अभिमान झाला की ते हट्ट्याच्या बाजारात त्याची गोष्ट सांगायला लागले. सावलीत कसं लोळलं, अर्ध्या उन्हात कसं अडून बसलं, पुऱ्या उन्हात कसं उसळलं, हे ते हातवारे करून सांगत, आणि "माझीच विद्या, फक्त उलटी केली सूनबाईनं" हे शेवटी असायचंच. मग लोक बघायला येऊ लागले. वसमतहून आले, एकदा हिंगोलीहूनही कुणी आले. दरवेळी आम्हाला सगळं टाकून खाली उतरावं लागे, आणि वाळवणावर कावळे बसत.

एक दिवस आत्याबाई चिडल्या. त्यांनी मामंजींना जेवताना बजावलं की पाहुण्यांनी यायचं ते सकाळी, न्याहारीच्या वेळेला. दुपार बायकांची. मामंजींनी घास चावता चावता मान डोलावली.

त्यानंतरच्या एका दुपारी आम्ही तिघी वर चिंचा फोडत बसलो होतो. गोधड्यांचा आडोसा केव्हाच निघाला होता, कारण उन्हाला अडथळा येतो म्हणून आत्याबाईंनीच तो काढून टाकला होता. जिन्यावर कुणीतरी खाकरलं. मामंजींबरोबर कुणी पाहुणा असावा.

"कोन हाय?" आत्याबाईंनी हातातली चिंच खाली न ठेवता आवाज दिला.

"आमी हाव. औंढ्याचे पाव्हणे आलेत, गवत बघायचं म्हंतेत."

"वर बायका बसल्यात," आत्याबाई म्हणाल्या. "सकाळी या."

जिन्यावर थोडी कुजबुज झाली. मग जोड्यांचा आवाज एक एक पायरी खाली उतरत गेला, आणि आम्ही पुन्हा चिंचा फोडायला लागलो.